दोराखालची

माझ्या वर्गाला येणाऱ्या बायकांना मी मनातल्या मनात गिऱ्हाइकं म्हणत असे. वडिलांचं अकोल्याच्या जुन्या शहरात कापडाचं दुकान होतं, आणि दुकानात वाढलेल्या माणसाला जगात माणसं दोनच तऱ्हेची दिसतात: घेणारी, आणि ठाणावर ठाण उलगडायला लावून "उद्या येते हं" म्हणणारी. माझ्याकडे दुसऱ्या तऱ्हेची जास्त यायची.

साठ सालच्या दिवाळीनंतर मी अकोल्याला बायकांसाठी दोराचा वर्ग काढला. दोराचा मल्लखांब. लहानपणी अमरावतीला मामांकडे राहून मी तो शिकले होते. सकाळी मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायचं आणि दुपारी दोन ते चार वर्ग घ्यायचा. जागा म्हणजे मोर्णा नदीच्या काठचं खुशालराव अडत्यांचं रुईचं गोदाम. खुशालरावांनी ती दिली एकाच अटीवर, की हंगामात गोदाम भरेल तसं भरेल, बाईंनी तोंड उघडायचं नाही. तेव्हा एका बाजूला छतापर्यंत रुईच्या गाठी आणि उरलेल्या जागेत आम्ही. तुळईवरून सुताचा जाड दोर खाली सोडलेला, जमिनीपासून पंधरा फुटांवर त्याला लाल चिंधी बांधलेली, आणि खाली पोत्यांत रुई भरून केलेल्या गाद्या. कोपऱ्यातल्या कोनाड्यात मारुती.

"बायकांना झाडावर चढायला शिकवता का हो?" असं अर्ध्या गावानं मला विचारून झालं. उरलेल्या अर्ध्या गावानं आपल्या बायका पाठवल्या.

पहिल्या आल्या इंदूबाई वकिलीण. शिंप्याला पोलक्याचं माप द्यावं तसं त्यांनी सांगितलं, "संक्रांतीपर्यंत कंबर दोन इंच कमी हवी." दोर हातात घेतला आणि म्हणाल्या, "यात मऊ नाही का?" मी म्हटलं, मऊ हवा असेल तर घरी झोपाळा बांधा. दुसऱ्या दिवशी त्या हाताला रेशमी रुमाल गुंडाळून आल्या आणि दोन हात चढून सर्रकन खाली घसरल्या. त्यानंतर आठ दिवस साऱ्या गावाला तळहात दाखवत फिरल्या. पण नवव्या दिवशी परत आल्या, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

मग प्रमोदिनी नावाची एक नवी सून आली आणि तिच्यावर नजर ठेवायला तिची सासू पार्वताबाई. सासू गाठीवर बसून खुशालरावांच्याच रुईच्या वाती वळायची आणि सुनेला नावं ठेवायची. सातव्या-आठव्या दिवशी "अशी काय चढते व मेंगळट!" म्हणून ती उठली, काष्टा घट्ट खोचला आणि तडक सहा हात वर गेली. तेव्हापासून सून खाली वाती वळत बसे आणि सासू दोरावर असे. मी कुणाकुणाला हसू?

आता आमच्या वर्गाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. अमरावतीला माझे वस्ताद म्हणायचे, वर जाणाऱ्यानं आधी खालचं माणूस निवडावं, दोर मागाहून. म्हणजे चढणारीनं जमिनीवरून पाय उचलण्याआधी वर्गातल्या एकीचं नाव मोठ्यानं घ्यायचं. ती दोराखाली उभी राहणार, दोन्ही हात पसरून, मान वर करून, चढणारी खाली उतरेपर्यंत. ती तिची "खालची". पडलीच तर झेलायचं, निदान मध्ये यायचं. आणि जिचं नाव घेतलं तिनं नाही म्हणायचं नाही. वस्तादांच्या तालमीत हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या वर्गात तो मोडला, आणि मोडणारी मीच.

आमच्याकडची सगळ्यांत लाडकी खालची म्हणजे दुर्गाबाई. पलीकडच्या आळीतल्या मंदिराच्या पुजाऱ्यांची बायको, वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं चांगली भरलेली, दंड असे की त्यात कुणीही निर्धास्त पडावं. पहिल्या दिवसापासून जी उठेल ती नाव घ्यायची, "दुर्गाबाई!" मग दुर्गाबाई पदर खोचून, हात पसरून उभ्या. पार्वताबाई एकदा खरंच पडल्या तेव्हा त्यांनी त्यांना असं झेललं की पार्वताबाईंच्या तोंडातली सुपारीसुद्धा हलली नाही.

पण स्वतः दुर्गाबाई दोराला शिवत नसत. महिना झाला, दोन झाले. मी चिडले. शिकवायला बसलेल्या माणसाला न शिकणारं गिऱ्हाईक परवडत नाही.

"दुर्गाबाई, तुम्ही येता कशाला?"

"मले चढाचं नाई, बाई. मले अठी गमते."

"नुसतं हात पसरून उभं राहायला?"

"घरी हात सोवळ्यात असते. याले शिवू नका, त्याले शिवू नका. अठी सगळ्या पोट्ट्या माह्या अंगावर पडते. लय बरं वाटते." आणि त्या हसल्या. मी कपाळाला हात लावला आणि हजेरीत त्यांच्या नावापुढे रोजची खूण केली.

जानेवारीत शालू आली.

एकोणीस वर्षांची, सडपातळ, काळीसावळी, भावाचा पायजमा घालून, वेणी वर बांधून. दर्यापूरची. वडील श्रावण तिथल्या कापसाच्या जिनात कामाला. अकोल्यात ती मावशीकडे राहायला आली होती, मॅट्रिक झालेली. सरळ माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, मले दोर शिकाचा हाय. मार्चमधे अमरावतीले परीक्षा हाय."

अमरावतीच्या एका संस्थेत ड्रिल मास्तरणींचा वर्षाचा वर्ग होता. त्याच्या निवडीत धावणं, उडी आणि दोर. दोरावर खुणेपर्यंत चढायचं, अढी घालायची, म्हणजे दोराला मांडीचा वेढा देऊन तो पायाच्या अंगठ्यात पकडायचा, आणि मग दोन्ही हात सोडून नमस्काराला जोडायचे. परीक्षक दहा आकडे मोजेपर्यंत हात दोराला लागले की नापास. निवड झाली की वर्षानं सरकारी शाळेत नोकरी. नाही झाली तर दर्यापूरला परत, जिनात सरकी वेचायला.

आमच्याकडे दोराला हात लावण्याआधी मारुतीला नमस्कार करायची पद्धत होती. शालूनं कोनाड्याकडे पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं, "मी मारुतीले हात जोडत नाई. बाबांनी छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. आमी बुद्धाचे हाओत."

गोदामात एकदम शांत झालं. रुईत तसाही आवाज मुरतो, पण ही शांतता निराळी होती. इंदूबाईंनी पदर सावरला. पार्वताबाईंची वात अर्धीच राहिली. मी म्हटलं, "दोराला तर करशील?" तिनं दोर धरून कपाळाला लावला. तिथवर मी ठीक वागले.

आता तिनं खालचीचं नाव घ्यायचं होतं. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि तिची नजर दुर्गाबाईंशी थांबली, कारण त्या वर्गात कुणीही नवीन आलेली बाई पाहता क्षणी दुर्गाबाईच निवडे. पुजाऱ्याची बायको. आता ही नाव घेणार, त्या नाही म्हणणार, नियम मोडणार, पोरीचा अपमान होणार. मी किती हुशार! झटक्यात म्हणून गेले, "शालू, तू तर तयारीची दिसतेस. तुला खालची नको. चढ तू, मी बघते आहे."

सगळ्यांनी श्वास सोडला. मीही सोडला. संकट टाळलं म्हणून दिवसभर मी स्वतःवर खूश होते, इतकी की संध्याकाळी भाजीवाल्याशी भांडायचंही विसरले.

शालूनं फक्त मान हलवली, माहीतच होतं अशी. आणि दुर्गाबाई त्या दिवशी चार वाजायच्या आत घरी गेल्या.

शालू चढायची म्हणजे खारीसारखी. आठ दिवसांत लाल चिंधी. अढी अशी पक्की की मी खालून दोर हलवला तरी ती हलत नसे. पण हात सुटेनात. एक हात सोडायची, दुसरा सोडायला जायची आणि परत दोराला मिठी. रोज तेच. फेब्रुवारी संपत आला.

"अढी पक्की आहे तुझी! पडणार नाहीस! सोड!" मी खालून ओरडायची.

"सुटत नाई, बाई."

"का सुटत नाही? हात आहेत की घोरपड?"

ती खाली उतरायची, तळहात पायजम्याला पुसायची आणि पुन्हा चढायची. रडायची नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान समजूत घालता आली असती.

एकदा वर्ग सुटल्यावर दोघी दोर गुंडाळत होतो तेव्हा मी तिला विचारलं, एवढं ड्रिल मास्तरीणच का व्हायचंय? दवाखान्यात नर्स हो, तारऑफिसात जा.

"शाळेत ना बाई, फुगडीच्या वक्ताले माहा हात कोनी धरत नव्हतं," ती दोराकडे बघत म्हणाली. "मास्तरीन म्हने, तू बस, तुले दम लागते. मले कधीच दम लागला नाई. मी भिताडाले टेकून पायत राहो. आता मी मास्तरीन झाली का पयल्या दिवशी फुगडी. अन् जी भिताडाले टेकून दिसन, तिचा हात पयले मी धरीन."

मी "अगं बाई" की असंच काहीतरी म्हटलं. "तुले दम लागते" म्हणणारी मास्तरीण आणि "तू तयारीची आहेस" म्हणणारी मी, या दोघींत काही फरक नाही, हे तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही. घरी जाऊन भाकरी करतानाही नाही.

ते शिरवलं दुर्गाबाईंनी. दुसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या आधी अर्धा तास आल्या आणि माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"बाई, माह्या हाताले काय झालं?"

"काय झालं? कुठं लागलं का?"

"मंग त्या पोरीखाली मले काहून उभं करत नाई?"

मी चाचरले. "अहो, तुमच्या घरी सोवळं… मला वाटलं, तुमची पंचाईत होईल. तुम्हाला नाही म्हणणं जड जाईल."

"मी नाई म्हनली काय?"

"नाही, पण…"

"तुमी मले विचारलं काय?"

मी हजेरीची वही उगाच उघडली.

"घरचं सोवळं आमच्या बुवांचं हाय. अठी मी त्याले संगं घेऊन येतो काय?" दुर्गाबाई कधी आवाज चढवत नसत. आज चढला होता. "दीड महिना झाला मी पाहून राहिली. ती पोट्टी वर जाते अन् खाली पायते. खाली कोनी नसते. कोनासाठी हात सोडन ते? अन् तुमी बोंबलता, सोड, सोड! तुमी सोडान काय खाली कोनी नसल्यावर?"

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. वडिलांची खाल्ली, वस्तादांची खाल्ली. पण त्या दुपारी मला माझ्याच गोदामात तोंड लपवायला जागा सापडेना. मी नकाराला घाबरले होते ते दुर्गाबाईंच्या वतीनं, आणि त्यांनी मला तसं वकीलपत्र कधी दिलंच नव्हतं. त्या नाही म्हणाल्या असत्या की हो, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. मी स्वतःच ठरवलं आणि दोघींचाही अपमान करून ठेवला.

"आज तिला तुमचं नाव घ्यायला सांगते," मी म्हटलं.

"सांगून घेतलेलं नाव काय कामाचं?" दुर्गाबाई म्हणाल्या. "पायतो मी काय कराचं ते."

दोन वाजता सगळ्या जमल्या. मी "कोण पहिली?" विचारायच्या आत दुर्गाबाई उठल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काष्टा कसून मारला, मारुतीला नमस्कार केला, दोर धरला, आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं.

"शालू!"

पार्वताबाईंच्या हातातली वात खाली पडली. शालू गाठीला टेकून उभी होती, ती तशीच राहिली. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा तापला होता.

"बाई, यायले माही दया येऊन राहिली. मले दया नको कोनाची."

"दया?" दुर्गाबाईंनी दोर न सोडता मागं वळून पाहिलं. "माहं अंग पाय. तुहं अंग पाय. मी पडीन त तुह्यावर पडीन. दया तुले करा लागते व, पोरी!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटतं प्रमोदिनी. शालूच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिनं तो आवरला.

"नियम हाय काय बाई? नाई म्हनता येत नाई?"

"नियम आहे," मी म्हटलं. "तो मी मोडला होता. चूक झाली माझी, शालू. तुझीही माफी मागते आणि दुर्गाबाईंचीही."

एवढं सगळ्यांसमोर बोलताना माझी जीभ जड झाली होती, पण बोलले. शालू पुढं आली. दोराखाली उभी राहिली, पाय रोवले, हात पसरले. तिचे ते काटकुळे हात पाहून इंदूबाई पुटपुटल्या, "दोघीही मरतील."

दुर्गाबाई चढल्या. चढल्या म्हणजे एक हात, दोन हात, मग खूप वेळ नुसता दोर कुरकुरत राहिला. तिसरा हात. चौथा. जमिनीपासून पाच फूट असतील. तिथं त्यांचं अंग थरथरायला लागलं.

"बाई, आता उतराचं कसं?"

"पाय आधी खाली घ्या! हळू!"

"पाय कुठी हाय तेच समजत नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "पोरी, आली मी." आणि त्यांनी दोन्ही हात सोडून दिले.

शालू हलली नाही. कुणीही हललं असतं. मी हलले असते. ती पाय रोवून उभी राहिली, तिनं दुर्गाबाईंना कमरेला कवळ घातली, आणि दोघी मिळून धप्पकन गादीवर. रुईचा एवढा फुफाटा उडाला की क्षणभर काहीच दिसेना.

फुफाट्यातून पहिला आवाज आला तो हसण्याचा. दुर्गाबाईंचा असेल असं मला वाटलं, पण हसत होती शालू. खाली दबलेली, केसांत रुई, आणि पोट धरून हसत होती. दीड महिन्यात मी तिचे दात पाहिले नव्हते.

दुर्गाबाईंच्या उजव्या हातातल्या चार बांगड्या वाढल्या होत्या आणि काच शालूच्या दंडाला लागली होती. दुर्गाबाईंनी कनवटीची हळदीची पुडी काढली (त्यांच्याकडे काय नसे!) आणि तिच्या दंडावर चेपून लावली. नंतर तो हात तसाच बराच वेळ धरून ठेवला. शालूनं काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोन गिऱ्हाइकं यायची बंद झाली. त्यांची नावं मी सांगणार नाही. मी बोलवायलाही गेले नाही. उलगडलेलं ठाण घडी करून ठेवलं, झालं. गोष्ट बुवांच्या कानावर गेलीच. दुर्गाबाईंनी मला सांगितलं, "म्हनले, अठून आल्यावर आंघोळ करत जा. मी म्हनलं, घामाची आंघोळ त मी रोजच करतो. आता अजून कोन्ती करू?"

"मग काय म्हणाले?"

"काय म्हनते? पानी तापवून देत नाई, एवढंच."

आणि दुसऱ्याच दिवशी शालूनं दोर धरून नाव घेतलं, "दुर्गाबाई." हळूच घेतलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. वर गेली, अढी घातली, खाली पाहिलं. खाली दोन मोठे हात होते. तिनं एक हात सोडला. दुसरा सोडला. मी मोजत होते, आणि सातपर्यंत आल्यावर माझाच आवाज फुटला. इंदूबाईंनी पुढचे तीन आकडे मोजले.

मार्चचा शेवटचा शनिवार. पहाटेच्या एस.टी.नं मी आणि शालू अमरावतीला निघालो. स्टँडवर शालूचा चेहरा उतरलेला. मला कारण ठाऊक होतं. अमरावतीच्या परीक्षेत खालची नसते. तिथं बाहेरचं माणूस दोराजवळ येऊ देत नाहीत.

गाडी सुटायला पाच मिनिटं असताना दुर्गाबाई आल्या. जरीकाठी लुगडं, हातात पिशवी, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत नव्या हिरव्या बांगड्या.

"घरी काय सांगितलं?" मी विचारलं.

"अंबेच्या दर्शनाले जातो म्हनलं. अन् जाईनच. खोटं कायले बोलू? पयले पोरगी, मंग अंबा."

परीक्षा एका मोठ्या दालनात होती. धावणं आणि उडी शालूनं हसत पार केली. दोराच्या वेळेला मला दारात उभं राहू दिलं, दुर्गाबाईंना तेही नाही. शिट्टी गळ्यात अडकवलेले एक कडक परीक्षक टेबलाशी बसले होते. दोराखाली काथ्याच्या गाद्या होत्या आणि गाद्यांभोवती कुणीही नव्हतं. शालूच्या आधीच्या पाच मुलींपैकी तीन नापास झाल्या.

शालू चढली. पाहता पाहता खुणेवर गेली, अढी घातली. आणि थांबली. मला दारातून तिच्या पाठीचे स्नायू दिसत होते. दोन्ही हात दोराला.

"हात सोडा," परीक्षक म्हणाले.

हात सुटेनात.

"हात सोडा. आता शेवटचं सांगतो."

ओरडायची बंदी होती, आणि माझ्या ओरडण्याचा उपयोग किती होतो ते मी दीड महिना पाहिलं होतं. तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

दोराच्या समोरच्या भिंतीला एक मोठी खिडकी होती, लोखंडी गजांची. त्या गजांमधून दोन हात आत आले होते, खांद्यापर्यंत, हिरव्या बांगड्यांनी भरलेले, पसरलेले. गजांमागं दुर्गाबाईंचं तोंड, मान वर केलेली. खिडकीपासून दोर चांगला पंधरा हात लांब. त्या हातांत शालू तर सोडाच, छतावरून पडलेलं पाखरूही आलं नसतं.

बाहेरून शिपायाचा आवाज आला, "ओ मावशी, इथं काही मिळत नाही. पुढं व्हा."

"चूप राय!" दुर्गाबाई मान खाली न करता म्हणाल्या. "मी खालची हाओ."

शालूनं आवाजाकडे पाहिलं. ते हात तिला दिसले. तिनं एक हात सोडला. मग दुसरा. दोन्ही तळवे छातीशी जोडले आणि डोळे मिटले.

परीक्षक मोजत होते. एक, दोन, तीन. इतके सावकाश आकडे मी जन्मात ऐकले नाहीत. नऊ. दहा. शिट्टी वाजली. परीक्षकांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "पास. पुढची." दुर्गाबाईंचे हात मात्र तसेच गजांतून पसरलेले होते. शालूचे पाय गादीला लागेपर्यंत त्यांनी ते मागे घेतले नाहीत, आणि मग घ्यायला गेल्या तर दंड गजांत अडकले. शिपायानं आणि मी मिळून ते सोडवले. जूनमध्ये यादी लागली तेव्हा शालूचं नाव चौथं होतं, पण ती पुढची गोष्ट.

शालू धावत बाहेर आली. आवारात एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली दुर्गाबाई खरचटलेले दंड चोळत उभ्या होत्या. शालू त्यांच्यासमोर थांबली. तिनं दोन्ही हात पुढं केले, एकावर एक फुली करून. दुर्गाबाईंनी त्या हातांकडे पाहिलं. वर्गात फुगडीची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. शालूनं सांगितली असेल, नसेल. पण पन्नाशी उलटलेल्या बाईला ते हात कशासाठी पुढं आलेत ते सांगावं लागत नाही. त्यांनी पिशवी माझ्याकडे टाकली, पदर खोचला, आणि ते हात धरले.

शिपाई बघत होता, नापास झालेल्या पोरी बघत होत्या, दालनाच्या दारातून शिट्टीवाले परीक्षकही बघत होते. लिंबाचा पाला पायांखाली चुरत होता. आधी हळू, मग जोरात, मग इतक्या जोरात की शालूची वेणी सुटली आणि जरीचं लुगडं फुगलं. मी दोन पिशव्या धरून उभी होते आणि ढसाढसा रडत होते. सांगायला लाज कसली?

"पोरी, घेरी येते!" दुर्गाबाई ओरडल्या. "सोडू नको व!"

"नाई सोडत," शालू म्हणाली.